कया ली लिपीतलं पहिलं पुस्तक उतरवताना

सीडीवर मार्करने काहीतरी लिहिलेलं होतं, पण ते पुसट होऊन गेलं होतं. जोडायचा ड्राइव्ह मी थायलंडमधल्या चिआंग माईहून मुद्दाम आणला होता. सीडी दोनदा नुसती घरघरली, तिसऱ्यांदा उघडली. आत बारा फाइली होत्या. पहिली उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. मध्येच कंस, मध्येच डॉलरची खूण, एका ओळीत सलग चार स्वल्पविराम.

सयामा माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "गेलं?" त्यांनी विचारलं.

"नाही गेलं. सगळं आहे. फक्त फॉन्ट नाही."

हे मी खात्रीने सांगू शकले, कारण असा काला मी सांगलीच्या एका छापखान्यात सात वर्षं रोज बघितला होता. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, सगळं काम जुन्या फॉन्टांत चालायचं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत. फॉन्ट मशीनवर असेल तर मजकूर वाचता येई, नसेल तर पडद्यावर कचरा दिसे. पुढे युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा, आणि तो सगळा जुना मजकूर नव्या सोयीत उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चिआंग माईला आलो, तेव्हा हे कौशल्य मागेच राहिलं असं मी धरून चालले होते. मग ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, "मे होंग सोनला एक शिक्षिका आहेत, त्यांचं पहिलीचं पुस्तक जुन्या संगणकात अडकलंय. बघतेस का?"

चिआंग माईहून मे होंग सोनला जाणाऱ्या रस्त्याला वळणं किती, हे तिथले लोक अभिमानाने सांगतात : १,८६४. मी मोजली नाहीत, पण पोटाने मोजली असावीत. पोचले तेव्हा संध्याकाळ होती. गावातल्या चोंग खाम तळ्यावर धुकं उतरत होतं आणि सयामा बस स्टँडवर छत्री घेऊन उभ्या होत्या.

सयामा म्हणजे बर्मी भाषेत बाईंसाठीचा शब्द, शाळेतल्या बाई. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्या कया. निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं, आता सीमेच्या थायलंडकडच्या एका गावात राहतात. आम्ही थाई आणि इंग्रजी मिसळून बोलायचो. त्या मला 'नोंग' म्हणत, धाकटी बहीण.

कया लोकांचं मूळ राज्य सीमेपलीकडे, म्यानमारमध्ये. लोइकॉ ही त्याची राजधानी. भाषा करेन कुळातली, तिची पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची अशी दोन रूपं. 'कया' म्हणजे माणूस, 'ली' म्हणजे लाल. म्हणून कया ली. भाषेलाही हेच नाव आणि लिपीलाही. आणि ही लिपी किती जुनी, तर माझ्या आईपेक्षा लहान! मार्च १९६२ मध्ये थे बू फे यांनी ती तयार केली. १९५०नंतर कया भाषेसाठी रोमन अक्षरांवर बेतलेल्या लेखनपद्धती आल्या होत्या. आपल्या भाषेला आपली अक्षरं हवीत ही नव्या लिपीमागची एक प्रेरणा होती. त्याच मार्च महिन्यात रंगूनमध्ये लष्कराने सत्ता घेतली. पुढे लिपी जगली ती मोठ्या प्रमाणात छावण्यांमधल्या शाळांत, फळ्यावर आणि अशा पुस्तकांत.

त्या रात्री मला कळलं की फॉन्ट नसणं ही अर्धीच अडचण आहे. उरलेली अर्धी मी होते. कोणत्या इंग्रजी जागेवर कोणतं अक्षर बसवलंय याचा तक्ता करायचा, तर आधी अक्षरं वाचता यायला हवीत. सांगलीला मराठी मजकूर उतरवताना चूक डोळ्यांना आपोआप दिसायची. इथे माझे डोळे कोरे होते.

"फॉन्ट शोधायला चार दिवस लागतील," सयामा म्हणाल्या. "माझ्या एका विद्यार्थ्याकडे असेल. तोवर तू शाळेत बस."

शाळा म्हणजे त्यांच्या घराची ओसरी. मला एक चौकटीची वही मिळाली. सयामांनी म्हणून दाखवलं आणि मी मागून म्हणायचं : का, खा, गा, ङा.

मी चमकले. हे तर आपलंच! घ नाही, पण क-वर्ग जसाच्या तसा. पुढच्या ओळीला मी मनात च-छ-ज-ञ धरून तयार होते, पण सयामा म्हणाल्या : सा, शा, ज़ा, ञा. मी थांबले. च-च्या जागी स कुठून आला? मग लक्षात आलं की बर्मी लिपीत च-वर्गाची पहिली अक्षरं 'स'सारखीच उच्चारली जातात. म्हणजे रांग तीच आहे, आवाज त्या प्रदेशाचा झालाय. शेवटी ञ इमानाने आपल्या जागेवर. पुढे ता, था, ना. पा, फा, मा. मग वर्गातून बाहेर काढलेले दा आणि बा. मग रा, या, ला, वा आणि आणखी तीन. सगळ्यात शेवटी, जणू कोणाला तरी उशिरा आठवलं म्हणून, चा. चोवीस व्यंजनं. थे बू फे यांनी अक्षरांचे आकार स्वतः घडवले, पण त्यांची रांग हजारो वर्षांच्या जुन्या वाटेवरून आली. मी सयामांना आपली मुळाक्षरं म्हणून दाखवली. त्या हसत हसत बोटांवर मोजत ऐकत राहिल्या आणि घ-झ-ढ-ध-भ आले की प्रत्येक वेळी भुवया उंचावत. हे आवाज त्यांच्या रांगेत नाहीत.

व्यंजनं तीन दिवसांत हातात बसली. अडले ते अ-पाशी.

आपल्या क-मध्ये अ मुरलेला असतो. तो वेगळा लिहायचा नसतो, नको असेल तर पाय मोडायचा असतो. बालवाडीपासून हे इतकं अंगात भिनलंय की लिहिताना कधी जाणवतही नाही. कया ली दिसायला आपल्या बाजूच्या लिप्यांच्या कुळातली वाटली तरी तिची वागणूक वेगळी आहे. तिच्यात व्यंजन हे निव्वळ व्यंजन असतं. स्वर प्रत्येक वेळी लिहावाच लागतो, अ-सुद्धा. पहिल्या दिवशी मी सयामांनी सांगितलेले शब्द लिहून वही पुढे केली, तर त्यांनी लाल पेनाने अकरा ठिकाणी अ घातला. न रागावता, एकेक करून. "इथे बोलतंय कोण?" त्या विचारत. "व्यंजन एकटं बोलत नाही."

'ली' हा शब्द सोपा. ल हे अक्षर, शेजारी इ हे अक्षर. इ-ला स्वतंत्र अक्षर आहे. असे चार स्वर आहेत ज्यांना स्वतःचं अक्षर मिळालंय. उरलेल्या पाच स्वरांचं काय? उ कसा लिहायचा? तर अ लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर खूण द्यायची. ए? अ-वर दुसरी खूण. पाचही तसेच.

हे ऐकलं आणि मला आजोबांची लोखंडी पेटी आठवली. त्या पेटीत जुनी मासिकं असत आणि त्यांत 'अिथे', 'अुद्या', 'अेक' असं छापलेलं असे. लहानपणी मला ते मुद्रणदोष वाटायचे. आजोबांनी समजावलं होतं की ही सावरकरांनी पुरस्कारलेली अ-ची बाराखडी. इ, उ, ए यांना वेगळे खिळे कशाला, अ-लाच वेलांटी, उकार, मात्रा द्या, छापखान्याचं काम हलकं होईल. आपल्याकडे ती सुधारणा टिकली नाही. आणि इथे एका डोंगराळ सीमेवरच्या ओसरीत तीच कल्पना पहिलीच्या मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवली जात होती, एक पाऊल पुढे जाऊन. 'कू' लिहायचं तर क, मग अ, मग अ-वर खूण. जणू आपण 'क्‌अु' असं लिहावं. सयामांना हे सांगताना माझं थाई पुरलं नाही. शेवटी वहीत 'अु' काढून दाखवलं आणि त्यांच्या अक्षराकडे बोट केलं. त्यांनी दोन्ही आकार बराच वेळ पाहिले, मग माझ्या 'अु'खाली आपल्या अक्षरातला उ काढला.

सुरांचं मात्र आपल्याकडे काहीच नाही. कया ही सुरांची भाषा आहे. तेच व्यंजन, तोच स्वर, आवाज वर गेला की एक शब्द, खाली राहिला की दुसरा. मराठीत आवाज चढवला की प्रश्न होतो, राग होतो, लाड होतो. शब्द तोच राहतो. मी सवयीने प्रश्नार्थक सुरात शब्द विचारायची, "हा का?" आणि माझ्या तोंडून भलताच शब्द गेलेला असायचा. सयामांनी दुसऱ्या दिवशी मला व्यंजनं म्हणूच दिली नाहीत. नुसतं गुणगुणायचं. त्या शब्द बोलणार, मी तोंड मिटून फक्त सूर काढणार. शेजारची मुलं कुंपणाला टेकून ऐकत होती आणि बरोबर आला की मान हलवत होती.

सूर लिहायला तीन खुणा आहेत : प्लोफू, चल्या आणि दोन्ही मिळून चल्या प्लोफू. त्या स्वराच्या खाली बसतात. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली असते, ती मी आत्याच्या घरी पाहिली होती. पण तिथे ती पठणासाठी आहे, रोजच्या बोलण्यातून ते सूर केव्हाच गेले. इथे बाजारात मीठ मागायलाही सूर लागतो. म्हणून एका अक्षरावर दोन मजले होतात : मध्ये अ, डोक्यावर स्वराची खूण, पायाशी सुराची. हे दोन मजले पुढे मला फार महागात पडले.

पाचव्या दिवशी पेन ड्राइव्ह आला. फॉन्ट मिळाला. मी तो बसवला आणि काल्याच्या जागी अक्षरं उभी राहिली. सयामांनी चष्मा लावला, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि पहिलं पान मोठ्याने वाचायला लागल्या. वाचता वाचता त्या उभ्या राहिल्या. वर्गात त्या उभं राहूनच वाचत असणार.

तक्ता करायला दीड दिवस लागला. युनिकोडमध्ये कया लीसाठी ए९०० ते ए९२एफ अशा ४८ जागा आहेत. १० अंक, २४ व्यंजनं, ४ स्वर, ५ स्वरखुणा, ३ सूरखुणा आणि २ विरामचिन्हं. त्यातलं 'श्या' हे चिन्ह म्हणजे त्यांचा दंड, ओवीच्या शेवटी आपण देतो त्याच घराण्यातला. इतका नेटका संच मी कधी हाताळला नव्हता. जोडाक्षरं नाहीत, रफार नाही, पहिल्या वेलांटीने मागे उडी मारायची नाही. कया शब्दांची अक्षरं स्वरावर संपतात, त्यामुळे पाय मोडायचीही गरज नाही. देवनागरीच्या जुन्या फॉन्टातून 'र्‍या' आणि 'र्या' वेगळे काढताना मी रात्री जागवल्या आहेत. इथे एका जागेला एक अक्षर, सरळ.

या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. आपल्या मोडीला मिळाली २०१४ साली. दप्तरखान्यांत मोडीच्या कागदांच्या चळती पडून आहेत, तरी ती सहा वर्षं मागे. हे वाचून मला कया लोकांसाठी आनंद झाला आणि मोडीसाठी गलबलून आलं. जी लिपी आज मुलं शिकतायत तिची घाई जास्त, हेही पटलं.

बारा फाइली उतरवल्या. पहिलं पान नव्या फॉन्टमध्ये जसंच्या तसं दिसलं. एक घोळ लगेच सापडला. माझ्या तक्त्याने सगळे अंक कया अंकांत बदलले होते, आतल्या मुखपृष्ठावरचं इंग्रजी सालसुद्धा. ते दुरुस्त केलं. मला वाटलं, संपलं. परतीचं तिकीट काढायच्या बेतात होते.

सयामा म्हणाल्या, "शब्द शोधता येतो ना आता?" पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची करायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. त्यांनी पहिल्या धड्यातला एक शब्द सांगितला, मी टंकला, शोध दिला. तीन ठिकाणी सापडला.

"पाच ठिकाणी आहे," सयामा म्हणाल्या.

"तीनच दाखवतंय."

त्यांनी पानं उलटून दाखवलं. चौथ्या धड्यात एक, नवव्यात एक. डोळ्यांना पाचही शब्द सारखे. मी मोठे करून पाहिले, एकावर एक ठेवून पाहिले. काडीचाही फरक नाही. तरी संगणक म्हणत होता, हे दोन वेगळे आहेत.

रात्री पोटमाळ्यावर मच्छरदाणीत बसून मी एकेका अक्षराचे आकडे काढले, तेव्हा उलगडा झाला. ज्याने मूळ पुस्तक टंकलं त्याने कधी आधी डोक्यावरची खूण दाबली होती आणि मग पायाची, तर कधी आधी पायाची आणि मग डोक्याची. जुन्या फॉन्टात दोन्हीचं चित्र एकच. त्याची काहीच चूक नव्हती, कागदावर दोन्ही बरोबर होतं. मराठीतही हे होतं. अनुस्वार आधी दाबला आणि मात्रा नंतर, की 'कें' काही ठिकाणी दिसायला ठीक पण शोधात हरवलेला.

पण मला वाटत होतं की युनिकोड असे क्रम आपोआप सरळ करतं. रोमन अक्षरावर वर एक खूण आणि खाली एक अशी कुठल्याही क्रमाने दिली तरी तुलना करताना यंत्र ती एका ठराविक क्रमाने लावून घेतं. त्यासाठी प्रत्येक खुणेला एक क्रमवर्ग दिलेला असतो. कया लीच्या सूरखुणांचा वर्ग २२०, म्हणजे खाली बसणाऱ्या. स्वरखुणांचा वर्ग मात्र शून्य. आणि शून्य वर्गाच्या खुणेला ओलांडून काहीही हलवायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे टंकणाऱ्याने सूर आधी दिला की तो कायमचा आधीच राहणार. दिसणार एक, असणार दुसरं. हे कळल्यावर उपाय दोन ओळींचा होता : सूरखुणेमागे स्वरखूण दिसली की त्यांची अदलाबदल करायची. आधी अ, मग डोकं, मग पाय. पुस्तकभर फिरवलं तर २१४ ठिकाणं बदलली. तो शब्द पाचही ठिकाणी सापडला. रात्रीचे दोन वाजले होते, तरी मी खाली जाऊन सयामांना उठवलं. त्यांनी कंदील मोठा केला, कारण वीज गेली होती, आणि लॅपटॉपची उरलेली बॅटरी आम्ही एकेक शब्द शोधण्यात संपवली.

मग मी एक कागद केला, कया आणि इंग्रजीत. खुणा कोणत्या क्रमाने दाबायच्या एवढंच त्यावर. सयामांनी त्याच्या प्रती काढून घेतल्या. २०२१च्या लष्करी उठावानंतर कया राज्यात पुन्हा लढाई पेटली, माणसं पुन्हा सीमेकडे आली, आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाची मुलंही. या प्रती कुठे कुठे जायच्यात ते सयामांना ठाऊक होतं. मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी पुस्तक छापून हातात दिलं. दुकानदाराच्या साध्या प्रिंटरवर, दोन्ही बाजूंनी, चाळीस पानं. सयामा ओसरीत बसून बोट ठेवून वाचायला लागल्या. मी सामान भरत होते. सतराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"नोंग, हा सूर चुकलाय."

माझ्या पोटात गोळा आला. मूळ फाइल उघडली, जुन्या फॉन्टात तीच ओळ काढली. तिथेही तीच खूण. म्हणजे उतरवताना झालेली चूक नव्हती, पहिल्या दिवसापासून छापलेली होती. सयामा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. "मी हे इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या. "वाचताना तोंड बरोबर सूर काढायचं. डोळा कधी खाली गेलाच नाही."

त्यांनी लाल पेन घेतलं, जुनी खूण खोडली आणि तिच्याजागी चल्या काढली. मी फाइलमध्ये तेच केलं. गाडीला अजून पाऊण तास होता. त्यांनी अठरावं पान उलटलं आणि या वेळी प्रत्येक अक्षराच्या खाली बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. मी बॅग खाली ठेवली आणि शेजारी बसले.